दोन जपानी पेट्या आणि उपनगरातला बास

टेक्नो आणि अ‍ॅसिड हाऊस या नाचायच्या संगीताचा इतिहास कुणी सांगायला बसलं की हल्ली त्यात मुंबईचं नाव हमखास येतं. शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये जो वळवळणारा, किंचाळणारा बास जगापुढे आणला, तो मुंबईच्या एका वादकाने १९८२ मध्येच रेकॉर्ड करून ठेवला होता, अशी ती गोष्ट. ऐकायला फार गोड. आपल्याला अशा गोष्टी आवडतातही. विमानापासून प्लास्टिक सर्जरीपर्यंत सगळं आपल्याकडे आधीच होतं, असं ठासून सांगणारे प्रत्येक सोसायटीत दोन-चार असतात. इथे फरक एवढाच की गोष्टीतली तबकडी खरी आहे, आजही ऐकता येते, आणि ऐकल्यावर माणूस थक्क होतो. खोटं आहे ते तिच्यामागे लावलेलं कूळ. त्या तबकडीला वंश नव्हता.

अंधेरी-बोरिवलीच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत आज जो बास घडवला जातो आणि मग मंडपातून, टेम्पोवरून, पबमधून छातीवर आदळतो, त्याचं कूळ शोधायचं तर दोन जपानी पेट्यांकडे जावं लागतं. एक विजेवरची, १९८१ ची. दुसरी लाकडाची, तिच्याहून जवळजवळ सत्तर वर्षांनी थोरली. आधी धाकटीबद्दल, कारण सगळी कीर्ती तिच्या वाट्याला आली आहे.

रोलँड कंपनीने टीबी-३०३ बाजारात आणली ती कुठल्याही नव्या संगीतासाठी नव्हे. एकट्या गिटारवाल्याला घरी सराव करताना साथीला बास गिटार वाजवणारा माणूस नसतो. त्या माणसाची जागा या चंदेरी प्लास्टिकच्या पेटीने घ्यावी, हा हेतू. रचनाकार तादाओ किकुमोतो. अमेरिकेत किंमत ३९५ डॉलर. बॅटरीवरही चालायची. पण बास गिटारसारखी ती कधीच वाजली नाही, आणि तिच्यात ओळ भरणं म्हणजे डोक्याला ताप होता: आधी सगळे सूर ओळीने भरायचे, मग त्यांचे कालावधी वेगळे भरायचे, आणि या दोन याद्यांचा मेळ कसा बसला ते पेटी वाजल्यावरच कळायचं. दहा हजारांच्या आसपास नग तयार करून १९८४ मध्ये कंपनीने तिचं उत्पादन थांबवलं.

आत काय होतं ते सांगतो, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. एकच ऑसिलेटर, म्हणजे एका वेळी एकच सूर. त्याची लहर करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी, दोहोंपैकी एक निवडायची. करवती लहरीत मूळ सुराचे सगळे स्वनक, म्हणजे त्याच्या पटींतले वरचे सूर, असतात. चौकोनी लहरीत फक्त विषम, म्हणून ती पोकळ, क्लॅरिनेटच्या जवळची वाटते. या कच्च्या मालावर एक फिल्टर बसवलेला. तो ठरावीक रेषेच्या वरचा आवाज कापतो. ती रेषा कुठे आखायची त्याची एक कळ, ‘कटऑफ’. त्या रेषेवरचाच आवाज किती फुगवायचा त्याची दुसरी कळ, ‘रेझोनन्स’. प्रत्येक सुराबरोबर रेषा किती वर उसळावी आणि किती लवकर खाली यावी, त्याच्या आणखी दोन कळा. रेझोनन्स चढवून कटऑफ हळूहळू फिरवला की एकेक स्वनक उजळत जातो आणि साधा बास बोलायला लागल्यासारखा होतो, आधी ‘ऊ’, मग ‘आ’, मग सरळ किंकाळी.

याखेरीज दोन सोयी होत्या आणि माझ्या मते पेटीचा जीव त्यांतच आहे. एक ‘अ‍ॅक्सेंट’. त्याने सूर नुसता मोठा होत नाही, त्याचा फिल्टरही जास्त उघडतो. आणि लागोपाठ अ‍ॅक्सेंट दिले तर आधीच्याचा जोर पुढच्यात साठत जाऊन आवाज चढत जातो. दुसरी ‘स्लाइड’. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जायचं, मध्ये नवा आघात न करता. हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला हे मुद्दाम समजावून सांगायला नको. बायाँवर तळहात सरकवून तबलजी जी मींड काढतो, तिचा हा यांत्रिक, ठरावीक वेळेचा चुलतभाऊ.

ही पेटी नवी असताना जी मोजकी माणसं तिच्याकडे गंभीरपणे वळली त्यांत चरणजित सिंग होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले सेशन वादक. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे गिटार, बास आणि इलेक्ट्रिक कीबोर्ड वाजवणारे. या वर्गाला विजेची वाद्यं नवीन नव्हती. १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी ही खरी पुंगी नव्हती, ती कल्याणजींनी क्लाव्हियोलिन या विजेच्या कीबोर्डवर वाजवली होती. मूग सिंथेसायझर चित्रपटांत रुळवणारे केर्सी लॉर्ड याच वर्तुळातले. ज्याच्याकडे परदेशातून आणलेलं नवं यंत्र, त्याला स्टुडिओचं बोलावणं आधी. आयात शुल्क जबर, परकीय चलनावर बंधनं. त्यामुळे यंत्र आणणं हीच एक कमाई होती. सिंग यांनी तीन वाद्यं मिळवली, तिन्ही रोलँडची: टीबी-३०३, टीआर-८०८ हे ताल-यंत्र, आणि ज्युपिटर-८ हा भलामोठा आठ सुरांचा कीबोर्ड.

साल १९८२. ‘कुर्बानी’ येऊन दोन वर्षं झालेली, ‘डिस्को डान्सर’ त्याच वर्षीचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्राही डिस्कोच वाजवत होत्या. सिंग यांनी ठरवलं की ताल डिस्कोचा ठेवायचा आणि त्यावर राग वाजवायचे, तबला बाजूला ठेवून. एचएमव्हीने तबकडी काढली, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’. ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी धरून दहा राग, प्रत्येक पाचेक मिनिटांचा. मिडी ही यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी व्यवस्था अजून बाजारात यायची होती, ती १९८३ ची. तोवर ८०८ मधून निघणारी तार ३०३ ला जोडायची. ताल-यंत्र दर मात्रेला चोवीस ठोके पाठवतं आणि बासची पेटी त्यांवर चालते. एका माणसाच्या दोन हातांत जेवढं मावेल तेवढंच वादन उरतं, बाकीचं यंत्रं सांभाळतात. टेक्नोवाले आजही याच पद्धतीने काम करतात.

आता मुख्य प्रश्न. ही तबकडी शिकागोच्या अ‍ॅसिडसारखी का वाजते? पाश्चात्त्य पॉप गाण्यात बासचं काम कॉर्डमागे धावायचं. कॉर्ड बदलली की बासचा पायाचा सूर बदलतो. त्यामुळे बासला स्वतःचं काही म्हणायला फुरसतच नसते. रागात कॉर्ड नाहीत. षड्ज एकदा लागला की शेवटपर्यंत हलत नाही. सिंग यांनी ३०३ ला दिलेली ओळ म्हणून त्याच मोजक्या सुरांत घोळत राहते, आणि पायाच हलत नसल्यामुळे कानाचं लक्ष सुरांवरून आवाजाच्या पोताकडे वळतं, फिल्टर उघडतोय की मिटतोय याकडे. शिकागोत कॉर्ड गेल्या त्या वेगळ्या कारणाने, नाचणाऱ्यांना एकच लय तासन् तास हवी होती म्हणून. दोन वाटांनी दोघे एकाच ठिकाणी पोचले: न बदलणारा पाया, आणि त्यावर सतत बदलणारा रंग. पेटीत त्याहून निराळं काही करण्याची फारशी सोयही नव्हती. तिच्यातले सोळा खाने पाहून कुणाला तीनताल आठवेल. तो मात्र निव्वळ योगायोग, ते चार मात्रांचे चार-चार तुकडे आहेत.

तबकडी चालली नाही. दुकानातून गेली, विस्मरणात गेली. इडो बाऊमन या डच संग्राहकाच्या हाती ती २००२ मध्ये लागली आणि २०१० मध्ये त्याच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा जगाचे कान टवकारले. सत्तरी गाठलेल्या सिंग यांना युरोपातल्या कार्यक्रमांची बोलावणी आली, तबकडीतले राग त्यांनी तिथे वाजवलेही. २०१५ च्या जुलैत ते गेले.

शिकागोच्या कुणी ती तबकडी ऐकली होती असं मानायला काहीही आधार नाही. तिथलं कूळ निराळं. टीबी-३०३ फसली, म्हणून स्वस्त झाली. सेकंडहँड दुकानांत धूळ खात पडली. आणि ज्या पोरांना ज्युपिटर-८ स्वप्नातही परवडला नसता त्यांच्या हाती लागली. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांनी, ‘फ्यूचर’ या नावाने, पेटीच्या कळा वेड्यावाकड्या फिरवल्या. त्या वादनाची कॅसेट म्युझिक बॉक्स क्लबमध्ये रॉन हार्डीने वाजवली, आणि १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ तबकडीवर आलं. त्याची नक्कल शेजारच्या पोराला करता आली, कारण त्यालाही तीच पेटी तशाच पडत्या भावात मिळत होती. मुंबईत मात्र सिंग यांच्या शेजारी ती पेटी असलेला दुसरा माणूस नव्हता. शागीर्द नव्हता, दुरुस्ती करणारा नव्हता, जुन्या बाजारात ती मिळत नव्हती. वंश चालायला एवढं तरी लागतं.

पुढच्या दशकात तोच चिरका बास गोव्यात अंजुण्याच्या पार्ट्यांत ‘गोवा ट्रान्स’ होऊन अवतरला, पण तो पाहुण्यांनी पाहुण्यांसाठी आणलेला होता; मुलुंड-घाटकोपरपर्यंत त्याची हवा फारशी पोचली नाही.

इथे पोचली होती दुसरी पेटी, फार आधी. जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता याने १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य बनवलं: लाकडी पेटीवर तारा, त्यांवर टाइपरायटरसारख्या कळा, डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्याने नखीने तार छेडायची. हे वाद्य हिंदुस्थानात आलं आणि त्याचं ‘बुलबुल तरंग’ झालं. मुंबईच्या गल्लीबोळांत त्याला म्हणतात बेंजो. अमेरिकेच्या गोल बँजोशी त्याचं काही नातं नाही. पिकअप लावून बेंजो अ‍ॅम्प्लिफायरला जोडला गेला, गणपती आणि हळदीत रस्त्यावर उतरला, आणि त्याभोवती अख्खी पार्टी उभी राहिली: ढोलकी, ताशा, झांजा, कीबोर्ड. रवी जाधव यांचा २०१६ चा ‘बँजो’ हा चित्रपट याच दुनियेवरचा, जरी पडद्यावर ती दुनिया जरा इस्त्री करून आली.

बेंजोला वंश मिळाला, कारण तो इथल्या कारागिराला बनवता येत होता, बिघडला तर सुतार आणि रेडिओवाला मिळून दुरुस्त करत, आणि शिकायला वस्तादाच्या मागे चार मिरवणुका हिंडलं तरी पुरे व्हायचं. याच पार्टीत पुढे ऑक्टोपॅड शिरला. रबरी पॅडांचं हे वाद्यही रोलँडचंच, १९८५ चं. ज्या कंपनीची बासची पेटी मुंबईत निपुत्रिक राहिली तिचा ऑक्टोपॅड मात्र इतका इथला झाला की हळदीला ‘ऑक्टोपॅडवाला कोण आहे’ हे नवरा कोण आहे याच्या आधी विचारलं जातं. पार्टीत खालचा आवाज, ‘धुम’, सुरुवातीपासून माणसाच्या हाताचा होता. आता त्यात पॅडवरचा, टिपरी पडताच स्पीकर हलवणारा आवाज मिसळला. उपनगरातल्या कानाला विजेच्या बासची चव लागली ती इथे, क्लबमध्ये नव्हे.

मग संगणक. १९९० चं दशक संपता संपता स्वीडनच्या प्रोपेलरहेडचं ‘रीबर्थ’ आलं, ज्यात ३०३ आणि ८०८ पडद्यावर जशाच्या तशा चितारल्या होत्या, आणि बेल्जियमचं ‘फ्रूटीलूप्स’ आलं, आजचं एफएल स्टुडिओ. चोरीच्या सीडीवर ते घरोघर पोचलं हे सगळ्यांना माहीत आहे, न बोललेलंच बरं. शिकागोत जे काम पडत्या भावातल्या पेटीने केलं ते इथे फुकटातल्या सीडीने केलं. वीस वर्षं उशिरा, पण या वेळी शेजारच्या पोराकडेही तेच होतं. गणपतीची गाणी, कोळीगीतं, हलगी आणि संबळ यांना चार मात्रांची किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका, लावून ‘डीजे मिक्स’ निघू लागले, प्रत्येकात दर मिनिटाला डीजेचं नाव ओरडणारा तो आवाज. नाकं मुरडणारे मुरडोत. बास कसा घडवायचा याचं शिक्षण उपनगराने या मिक्सवरच घेतलं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं, तेव्हा मराठी हाऊस अचानक कुठून आलं असं विचारणाऱ्यांनी ही पोरं इतकी वर्षं ऐकलीच नव्हती.

हे शिक्षण कुठल्या खोलीत झालं त्यालाही कुळकथेत जागा हवी. कांदिवली-बोरिवलीच्या इमारतीतली बेडरूम, दहा फूट बाय बारा फूट. मुंबईच्या उकाड्यात, तीस अंशांच्या आसपास, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४९ मीटर. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये जी सर्वांत मोठी लहर उभी राहते ती ४८ हर्ट्‌झच्या जवळची, दहा फुटांत ५७ ची. टेक्नोची किक आणि बासचा पाया नेमके याच पट्ट्यात असतात. ८०८ ची किक ५० च्या आसपास. अशा उभ्या लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. टेबल भिंतीला, पुढे दोन स्पीकर, पाठीमागे पलंग. खुर्ची ओढून बसलं की डोकं येतं खोलीच्या मध्याजवळ. तिथे बास ऐकूच येत नाही. पोरगा बास वाढवतो. अजून वाढवतो. स्वयंपाकघरात गोदरेजचं कपाट थरथरतं, आई ओरडते, खिडकीची ग्रिल गुणगुणते, खालच्या मजल्यावरचे काका इंटरकॉमवर येतात. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या एकट्याला मात्र बास कमीच वाटतो. मग तेच गाणं मैदानात चार सबवूफरवर वाजतं आणि नुसता गडगडाट होतो, ओळ ऐकूच येत नाही.

भिंतीवर फोमचे ठोकळे चिकटवून यात फरक पडत नाही. पन्नास हर्ट्‌झची लहर तेवीस फूट लांब असते. दोन इंची फोम तिच्या गावीही नसतो. उपाय दोनच: खुर्ची फूट-दोन फूट पुढेमागे सरकवून बास जिथे सपाट वाटेल ती जागा शोधायची, आणि निर्णय हेडफोनवर ताडून बघायचा. त्यानंतरची परीक्षा रिक्षात. मागच्या सीटच्या पाठीमागे बसवलेल्या स्पीकरमधून पन्नास हर्ट्‌झ येतच नाही. तिथे बास ऐकू यायला हवा असेल तर त्याला वरचे स्वनक लागतात. म्हणून बासवर थोडं डिस्टॉर्शन चढवायचं. स्वनक पुरेसे असले की न वाजलेला मूळ सूर कान स्वतःच भरून काढतो. ३०३ वाले तिला गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलमधून का वाजवत होते, त्याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं म्हणजे त्यांना ते भन्नाट वाटत होतं.

किक आणि बास यांची भांडणं सोडवायची रीत आता जगभर एकच आहे. किक पडली की बास क्षणभर दबतो, तिची शेपूट संपताच वर येतो. दोघांपैकी एकालाच सर्वांत खालचा मजला द्यायचा. शंभर-सव्वाशे हर्ट्‌झच्या खालचं सगळं मोनो ठेवायचं, नाहीतर मैदानातल्या दोन बाजूंच्या सबवूफरच्या लहरी एकमेकींना खातात. आणि तीसच्या खालचं कापून टाकायचं, ते फारसं ऐकू येत नाही पण अ‍ॅम्प्लिफायरची ताकद पितं. शिकागो, डेट्रॉइट, बर्लिन सगळीकडे हेच करतात.

बेंजो पार्टीच्या कानाने ऐकणाऱ्याची अडचण याच्या एक पायरी पुढची. त्याच्या गाण्यात ढोलकी असते. ढोलकीची धुम एका जागी थांबत नाही. तळवा दाबला की ती वर सरकते, सैल सोडला की खाली, आणि सरकताना किकच्या आणि बासच्या दोघांच्याही जागेतून जाते. तिला ठरावीक ठिकाणी कापायला जावं तर ती तोवर तिथून निघून गेलेली असते. पुष्कळ जण वैतागून धुमच कापतात, वरची चाटी तेवढी ठेवतात, आणि मग ढोलकी पत्र्याचा डबा झाली म्हणून हळहळतात. माझं मत विचाराल तर किक आखूड करावी. तिची शेपूट निम्मी केली तरी नाचणाऱ्याच्या पायाला कळत नाही. सिंथचा बास धुमच्या वरच्या मजल्यावर न्यावा, शंभरच्या पुढे, तिथे फिल्टर हवा तेवढा किंचाळू द्यावा, आणि मींडेचं काम ढोलकीवाल्याच्या डाव्या हातावर सोडावं. ३०३ ची स्लाइड दर वेळी तेवढाच वेळ घेऊन सरकते. त्याचा हात तसा सरकत नाही.